नानांच्या घरचं

शाळा-कॉलेजच्या दिवसांविषयी लिहायला बसलं की माणसं हळवी होतात म्हणे. माझं तसं होत नाही. मला राग येतो. आता केस पिकले, डोळ्यांवर जाड चष्मा आला, रक्तदाबाची गोळी सकाळी न चुकता घ्यावी लागते, आणि डॉक्टरीणबाई दर वेळी बजावतात की चिडचिड कमी करा. बरं, करते म्हणून मी मान हलवते. पण अकरावीच्या त्या पहिल्या चार-पाच महिन्यांची आठवण निघाली की गोळीचं काही चालत नाही. आधी नानांचा राग येतो, मग माझ्या बापाचा, मग सगळ्या गावाचा, आणि हे सगळे संपले की माझा. हे प्रकरण मी त्या रागातच लिहिते आहे. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं, नाहीतर न घ्यावं.

आमचं गाव शिरूर कासारच्या अंगाला, माळावरचं. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आणि अर्ध्या घरांना कुलपं लागायची. जे मागे राहायचे त्यांच्यात सगळ्यात वरचं घर नानांचं. नाना म्हणजे आमचे पुढारी. आधी सरपंच, मग जिल्हा परिषदेत, आणि कुठल्याच खुर्चीवर नसले तरी नानाच. "नानाला इचारल्याबिगर हातपंपसुद्दा पानी देत न्हाई," असं रुबीना म्हणायची. माझे आण्णा नानांची जीप चालवायचे. नानांची थोरली लेक श्वेता माझ्या वर्गात होती, त्यामुळे मला त्यांच्या माडीवर जायची मोकळीक होती. श्वेतामागे मी, माझ्यामागे टेलरकाम करणाऱ्या चाचांची रुबीना, आणि रुबीनाचा हात धरून सवी. सविताला सगळं गाव सवीच म्हणायचं. तिचे आई-बाप दर साल उसाला जायचे. लहानपणी तीही त्यांच्याबरोबर जायची आणि उन्हाळ्यात परत आली की वर्ग कुठवर पोचला ते माझ्या वह्यांमधून बघायची. दहावीला मात्र ती हटून चुलतीकडे राहिली आणि चांगल्या मार्कांनी पास झाली. माझ्यापेक्षा चांगल्या. ते मला तेव्हा आवडलं नव्हतं, हेही लिहून टाकते.

माडीवरच्या त्या खोलीत अर्ध्या भिंतीएवढा टीव्ही होता. नानांनी तो निवडणुकीच्या बातम्या बघायला आणला होता, पण नाना घरी असायचे कधी? दुपारभर खोली आमची. शिरूरचा एक मोबाइल दुकानवाला पेन ड्राइव्हवर जपानी अ‍ॅनिमे भरून द्यायचा. श्वेताची आई त्याला चिनी कार्टून म्हणायची. दुकानवाला जे हाताला लागेल ते भरायचा, त्यामुळे आमचा सगळा मिसळीचा कारभार होता. एकात तलवारबाज शंभर-शंभर माणसं कापत सुटलेला, एकात पोहणाऱ्या मुलांची शाळा, एकात एक म्हातारी डोंगरात खानावळ चालवून भुतांना जेवू घालणारी. बोलणं जपानी आणि खाली इंग्रजी अक्षरं. माझं इंग्रजी बरं, म्हणून मी ते भराभरा मराठीत सांगायची. खाली गिरणीचा पट्टा फडफडत असायचा, वर पंखा करकर वाजायचा, आणि मधेच वीज गेली की चौघींच्या तोंडून एकदम जी शिवी निघायची ती ऐकून श्वेताची आई जिन्यातून ओरडायची, "पोरी हायत का टपोरी?" मग तीच ताटभर सुशीला पाठवायची. भिजवलेल्या मुरमुऱ्यांची, वरून दाण्याचं कूट आणि मिरचीचा ठसका असलेली ती सुशीला मी नंतर पुष्कळदा केली, तशी जमली नाही. ताटं खाली न्यायला हाक मात्र सवीलाच. आम्हा तिघींना कधी नाही. आणि हे मला लागलं केव्हा? कितीतरी वर्षांनी. तेव्हा वाटायचं, सवी दाराजवळ बसते म्हणून तिला सांगतात. दाराजवळ ती का बसायची, हे विचारायला अक्कल लागते.

बघून झालं की परीक्षण. ते सुरू केलं सवीनं. तलवारबाजाची मालिका बघता बघता श्वेता "कसला भारी!" म्हणाली आणि सवी फणकारली, "भारी कशाचा? शंभर जनं कापली आन् तळहाताला एक फोड न्हाई. मनगट बघ कसं सरळ धरलंय. कोयता आसा धरला ना, तर दुपारपातूर हात गळून पडंल." तिनं तिथली फुटपट्टी घेतली आणि वार कसा खालून, बुडख्यापाशी, तिरका बसतो ते दाखवलं. आम्ही हसून लोळलो, पण पुढच्या भागात तो तलवारबाज आला की आमचं लक्ष त्याच्या मनगटाकडे. त्याची सगळी ऐट गेली. पोहणाऱ्या शाळेला तिचा पहिला प्रश्न, "आदी ह्ये सांगा, ह्येंच्या गावाला टँकर येतो का?" भुतांच्या म्हातारीला मात्र तिनं डोक्यावर घेतलं. "पयल्यांदा कुनीतरी भांडी घासताना दावलं. न्हाईतर समदे जेवत्यात आन् उठून लढाईला जात्यात. खरकटं काय ह्येंचा बाप काढतो?" लोक तारे देतात, तसे आमच्याकडे मोळ्या. तोडलेल्या उसाचा भारा बांधतात ती मोळी, पाचपैकी किती हे सवी ठरवायची. अगदीच टुकार असलं की नुसतं वाढं, म्हणजे उसाच्या शेंड्याचा पाला. गुरांना घाला म्हणून.

हे बाहेरच्यांनी ऐकावं ही कल्पना श्वेताची, हे तिच्या बाजूनं सांगायला हवं. तिनं तिच्या मोबाइलवर चॅनेल उघडलं. रुबीना चित्र काढायची, मी काय सांगायचं ते जुळवून द्यायची, आणि बोलायची सवी. तिच्या आवाजात एक चिरका खणखणीतपणा होता. शेताच्या ह्या बांधावरून त्या बांधाला हाक मारून मारून तयार झालेला आवाज तो, मोबाइल हातभर लांब धरला तरी चालायचा. नानांची अट एकच होती: पोरींची नावं आणि तोंडं कुठं दिसता कामा नयेत. आम्हाला ते पटलंही होतं, कारण आमच्या घरचे त्याशिवाय तयारच झाले नसते. म्हणून पडद्यावर रुबीनाचं चित्र आणि मागे सवीचा आवाज, एवढंच. श्वेताचा नंबर द्यायला नानांनी मना केलं, सवीकडे फोन नव्हता, रुबीनाचा फोन तिच्या भावाच्या ताब्यात. मग खाली नंबर टाकला तो माझा.

आणि एका दुपारी त्या नंबरवर फोन आला. अंबाजोगाईच्या कुठल्याशा महिला महाविद्यालयातल्या मॅडम होत्या. त्यांनी आमची सगळी परीक्षणं ऐकली होती. त्या इतक्या मोकळेपणानं हसत बोलत होत्या की मी जागच्या जागी उड्या मारत होते. त्या म्हणाल्या, खेड्यातल्या हुशार मुलींना त्यांचं कॉलेज दर वर्षी एक जागा देतं. प्रवेश, वसतिगृह, जेवणखाण, सगळं कॉलेजकडून. दिवाळीनंतर यायचं. "जी मुलगी बोलते, तिला आम्हाला न्यायचंय," असं त्या स्वच्छ म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "हे कोणाचं आहे? कोणाशी बोलायचं मी?"

मी म्हणाले, "नानांच्या घरचं आहे."

कोणी मला तसं शिकवलं नव्हतं, कोणी दटावलं नव्हतं. विचार न करता तोंडातून गेलं. आमच्या गावात कशाचंही नाव विचारलं तर आधी त्या घराचं नाव येतं. पोळ्याला वेशीतून पहिली जोडी नानांची जायची, तो त्यांचा मान. मग नानांनी ट्रॅक्टर घेतला, बैल विकले, तरी मान राहिलाच. पोळ्याच्या दिवशी सवीच्या बापाची जोडी सजवायची, नानांच्या गड्यानं कासरा धरायचा आणि ती जोडी "नानांची" म्हणून पहिली पुढे काढायची. सवीचा बाप मागे गर्दीत टोपी हातात धरून आपल्याच बैलांकडे कौतुकानं बघायचा. सगळ्या गावाला ठाऊक, बैल कोणाचे. पण "नानांची जोडी निघाली" म्हणून हलगी वाजायची, आणि वाजवणाऱ्यालाही त्यात काही वावगं वाटायचं नाही. मी त्याच गावात वाढलेली. नानांच्या माडीवर, नानांच्या टीव्हीवर बघितलेलं ते नानांच्या घरचं. वर मी मॅडमना आण्णांकडून नानांचा नंबर घेऊन दिला. शहाणी!

सवीला सांगितलं तेव्हा तिनं ते माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. मग तिनं माझ्या पाठीत असा धपाटा घातला की मी कळवळले. तिला ती जागा किती हवी होती ते आम्हाला माहीत होतं. त्या साली तिची वहिनी बाळंत झाली होती आणि थोरल्या भावाला जोडीदार नव्हता. उसात एकट्या माणसाला काम मिळत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, एकानं तोडायचं, दुसरीनं मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायच्या. भावाच्या कोयत्याचा दुसरा अर्धा म्हणून सवीनं जायचं असं घरात ठरलेलं. अकरावीत नाव होतं ते नावापुरतं. सवीची आई तिला म्हणाली होती, "त्या बाईनं तुजं नाव घेऊन बोलीवलं तर म्या तुज्या भावाच्या वाटची मोळी उचलीन, दोन कोयत्याची. पर नाव घेऊन बोलवू दे." सवीची आई तशी किडकिडीत. तरी ती बोलली होती ते खरं होतं, तिनं तसं केलंही असतं.

कार्यक्रमाचं नानांनीच ठरवलं. मॅडम येणार, सत्कार होणार, गाव जमणार, तेही टोळ्या निघायच्या आदल्या दिवशी, म्हणजे मतदार सगळे जाग्यावर. त्या सकाळी मी स्टँडवर गेले तर मोठा फ्लेक्स. नानांचा हात जोडलेला फोटो, शेजारी श्वेताचा फोटो आणि खाली "आमच्या गावची शान". दुसरं कुणाचं नाव नाही, फोटो नाही. घरी येऊन आण्णांना म्हटलं, "आण्णा, हे चुकलंय. बोलते ती सवी." आण्णा जीप पुसत होते. त्यांनी फडकं थांबवलं नाही. "फ्लेक्स काय, कुनाचा बी फोटो टाकत्यात. तू गप बस."

"पण त्या मॅडमनी बोलणारीला..."

"तुला म्हनलं न्हाई का गप बस? त्येंच्या दारात हाय मी."

तेव्हा मला आण्णांचा राग आला, तो आजही येतो, मेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात तरी येतो. सवीला जाऊन विचारलं, फ्लेक्स बघितलास का? तिनं बघितला होता. केसाला तेल लावत होती, दाराबाहेर पोती, पत्र्याचा डबा, कडबा बांधलेला. "माजा फोटो कुठनं टाकतेल? माज्याकडं फोटोच न्हाई," असं म्हणाली आणि हसली. तिचा आमच्यावर विश्वास होता. त्या हसण्यानं मला आणखीच कसंतरी झालं, आणि मी काय करावं? काही नाही. घरी येऊन कपडे बदलले.

मारुतीच्या पारासमोर मांडव घातला होता. आम्हा चौघींना पुढच्या सतरंजीवर बसवलं. सवीनं कॉलेजचा ड्रेस धुऊन घातलेला, तो अजून कोपरात ओलसर होता. तिची आई मागे बायकांत येऊन बसली होती, सामान बांधायचं सोडून, नव्या लुगड्याची घडी मोडून. नानांचं भाषण झालं, मग दुसऱ्या कोणाचं, मग तिसऱ्याचं. मॅडम ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या, कॉटनच्या साडीतल्या. त्या माइकवर आल्या नि म्हणाल्या, मी काही बोलत नाही, आधी तुम्ही ऐका. आणि त्यांनी त्यांचा मोबाइल माइकला लावला.

त्यांनी निवडलेलं परीक्षण आमचं सगळ्यात चांगलं होतं. एक रडकी मालिका होती, तिच्यात आई लहान पोरीला डोंगरातल्या गावी ठेवून कामाला जाते. आम्ही तिघी ते बघून ढसाढसा रडलो होतो. सवी चिडली होती. कर्ण्यातून तिचा आवाज पार वेशीपर्यंत गेला: "समदे म्हनत्यात रडू आलं. मला राग आला. ही बाई सा महिन्यासाठी चाललीय आन् हातात काय? एक बारकी पिशवी. आसं कुनी जातं व्हय? जानारी बाई काय काय भरती ते दावा की. पीठ भरती, मीठ भरती, काडीपेटी पलास्टिकात गुंडाळती. तवा उलटा घालून त्याच्या पोटात वाट्या बशिवती. आन् लेकराला ठिवून जायाचं आसल तर त्येचं एक झबलं सोबत घेती, मागं सोडत न्हाई. ज्यानं ही गोष्ट लिवली, त्येची आई कदी कुठं गेली न्हाई बगा. चित्रं लई भारी हायती. म्हून दोन मोळ्या. तिसरी मागू नका."

मला आठवतं, शेवटी मागून एकटीच्या टाळ्या आल्या, आणि मग सगळ्यांनी वाजवल्या. आणि आता नीट ऐका, कारण हे सांगण्यासाठीच मी हे प्रकरण लिहायला घेतलं. तो आवाज सवीचा आहे हे त्या मांडवातल्या प्रत्येकाला कळलं होतं. बारक्या पोरांपासून कान गेलेल्या म्हाताऱ्यांपर्यंत. रोज गुरं वळवताना, हापशावर भांडताना, भावाला जेवायला हाका मारताना ऐकलेला आवाज तो, सगळ्या शिवारात तसा दुसरा नव्हता. माझ्या शेजारच्या बाईनं तर मान वळवून सवीकडेच बघितलं. आणि नाना माइकवर येऊन म्हणाले, "आमची श्वेता, हिनं हे सगळं केलं. श्वेता बेटा, या वर."

कोणी हू की चू केलं नाही. श्वेता उठली. तिचा चेहरा पांढराफटक होता, तिनं एकदा आमच्याकडे बघितलं, आणि गेली. शाल आली, नारळ आला, फेटेवाला आला. मॅडमनी तिला जवळ घेऊन विचारलं, "दोन शब्द बोल की." श्वेता पुटपुटली, "सगळ्यांचे आभार." मॅडम जरा थबकल्या. हसूनच म्हणाल्या, "आवाज वेगळा वाटतोय गं तुझा." नाना म्हणाले, "मोबाइलात तसाच येतो मॅडम. मशीनचा फरक." आणि मांडवातले लोक हसले! हसले हो, नानांच्या हजरजबाबीपणावर. मला त्या एकेकाचं थोबाड आजही ओळखता येईल.

रुबीना उठायला लागली. "झूट हय ये, मय बोलती, चुप कायकू बैठना?" असं ती कुजबुजत होती आणि ती खरंच बोलली असती. ती कुणाला भीत नव्हती. मी तिची ओढणी धरली आणि तिला खाली ओढलं. नुसतं धरलं नाही, हिसडा देऊन बसवलं. कारण मंचाच्या कडेला जीपला टेकून आण्णा उभे होते आणि ते माझ्याकडे बघत होते. रुबीनानं माझा हात झटकला, पण तोवर मॅडम जागेचं पत्र नानांच्या हातात देत होत्या आणि फोटो निघत होता. सवीकडे मी बघितलंच नाही. तिचा तो ओलसर कोपर माझ्या दंडाला लागून होता, तो कधीतरी दूर झाला एवढंच मला कळलं. कार्यक्रम संपल्यावर पेढे वाटले. मी माझा पेढा खाल्ला. खाल्ला, काय सांगू! गोड होता.

श्वेता त्या जागेवर गेलीच नाही. तिला जायचं नव्हतंच, तिचं नाव आधीच संभाजीनगरच्या डॉक्टरकीच्या क्लासमध्ये घातलेलं होतं. ती जागा त्या वर्षी तशीच राहिली, कोणालाच गेली नाही. नानांना ते पत्र फक्त भिंतीवर लावायला हवं होतं आणि ते लावलंही, चौकटीत घालून, टीव्हीच्या वर. पुढे कधीतरी श्वेता मला भेटली तेव्हा म्हणाली, तू तरी बोलायचंस, मी कशी बोलणार पप्पांसमोर? मी तिला नको नको ते बोलले. खरं तर तिचं काही चुकलं नव्हतं असं नाही, पण तिनं विचारलेलं बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ट्रक लागले. मला झोप आलीच नव्हती. तोंडही न धुता मी गेले. बैल आधीच चढवले होते, त्यांच्या घंटा वाजत होत्या, बाया वरून पोती ओढून घेत होत्या, कोंबड्या पाटीखाली झाकलेल्या. सवी वर टपाशी बसली होती, वहिनीचं बाळ मांडीवर घेऊन. डोक्याला घट्ट फडकं बांधलेलं. मी खालून हाक मारली, दोनदा मारली. तिनं माझ्याकडे बघितलं. तिच्या तोंडावर राग असता तर बरं झालं असतं. तिनं अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघितलं आणि बाळाचं टोपडं सारखं करायला लागली. तिच्याशी माझं बोलणं त्यानंतर आजतागायत झालेलं नाही. मी पत्रं पाठवली, तिच्या भावाकडे निरोप दिले, एकदा तर ती सासरी नांदते त्या गावापर्यंत जाऊन आले. तिनं दाराआडून पोरीकरवी पाणी पाठवलं, बाहेर आली नाही. बरोबर केलं.

सवीची आई खाली चूल नि सरपण बांधत होती. मी तिच्यापाशी गेले आणि मला रडू फुटलं. म्हटलं, "काकू, ते श्वेताचं नव्हतं. ते सवीचं होतं. सगळं सवी बोलत होती. तुमाला कुणी सांगितलं नसंल, म्हणून सांगायला आले." मला खरंच वाटत होतं, तिला ठाऊक नाही. बिचारी अडाणी बाई, लेकीच्या सत्काराला आली आणि दुसरीचा बघून गेली, असं समजून मी रात्रभर तिची कीव केली होती.

तिनं दोरीची गाठ दातांनी आवळली, मग माझ्याकडे बघितलं. "माज्या लेकीचा आवाज मला वळखायचा न्हाई व्हय? तवा उलटा घालून वाट्या बशिवती ती बाई कोन हाय गं? पयल्या टाळ्या म्याच वाजिवल्या."

"मग काकू, तुमी कावून गप बसलात?"

"म्या उठून काय बोलू? माजं कोन ऐकतंय त्या मांडवात? त्या बाईसंगं फोनवर तू बोललीस. तुला तिच्यावानी बोलता येतं. तू म्होरं बसलीवतीस," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात चीड नव्हती, ती फक्त झालं ते सांगत होती. "तू उठली आसतीस तर म्या बी उठले आस्ते. माज्यामागं धा बाया उठल्या आसत्या. समद्या तुज्याकडंच बगत हुत्या. म्या बी तुज्या पाठीकडंच बगत बसले, आता उठंल, आता उठंल म्हून."

वरून कोणीतरी तिला हात दिला. तिनं चूल वर सरकवली, चाकावर पाय ठेवला आणि चढून सवीशेजारी जाऊन बसली.